पाखऱ्याचा दम कोणी चोरला?

१

सोमेश्वरच्या गाडीचा दम चोरीला गेला.

ठाण्यात जाऊन तक्रार द्यावी, तर पंचनाम्यात लिहिणार काय? चाकं जागेवर होती. बॅटरी जागेवर होती. टेप बंद होता, पण जागेवर होता. गाडी सकाळी पहिल्या चावीला चालू व्हायची, शहाण्यासारखी धावायची, आणि बीडहून परत येताना पाली सोडून मांजरसुंब्याच्या घाटाला लागली, की मध्येच तिला संसाराचा कंटाळा यायचा. आधी एक आचका. मग दोन. मग रस्त्याच्या कडेला जाऊन ती निवांत उभी राहायची, जशी काही बिंदुसरेचं धरण बघायला आली आहे.

गाडी डिझेलची, जुनी. रंग पांढरा, असा कागदोपत्री उल्लेख आहे. सोमेश्वरचे वडील आश्रुबा तिला पाखऱ्या म्हणत. ते त्यांच्या शेवटच्या बैलाचं नाव. शेतीला ट्रॅक्टर आला, बैल विकले, दावण रिकामी झाली. पण चांगलं नाव वाया घालवायचं कशाला? म्हणून नाव गाडीला दिलं आणि नावाबरोबर मानही दिला. यंदाच्या पोळ्याला त्यांनी गाडी धुतली, टपावर झूल टाकली, मारुतीला फेरी घातली. भाद्रपद संपत आला, तरी आरशांच्या पाठी अजून लाल होत्या. बंपरची टोकं, डिझेलचं झाकण, दाराच्या मुठी, मागचा आकडा, जिथं म्हणून काही पुढं आलेलं दिसलं, तिथं हिंगूळ आणि वर चमचमती बेगड. केजच्या बाजारात ही गाडी कुणाची, हे विचारावं लागत नसे.

त्या दिवशीही ती घाटात बसली. जीवन, म्हणजे सोमेश्वरचा मेहुणा आणि पगारी ड्रायव्हर, स्टिअरिंगला कपाळ टेकून बसला. मागच्या सीटवर छबुबाई होत्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. अर्ध्या तालुक्याला त्यांनी पाय धरून उलटं करून रडवलेलं होतं, त्यात सोमेश्वरही आला. बीडला गुडघा दाखवून त्या परत निघाल्या होत्या.

सोमेश्वर खाली उतरला. टायरला लाथ मारली. मग धरणाकडं तोंड करून जाहीर केलं,

"कळलं मला! चाँद मिस्त्रीनं माझ्या गाडीच्या डिझेल-पंपातलं अस्सल सामान काढलं आन् डुप्लिकेट बसवलं! आता बघतोच त्याला."

"सोमा," छबुबाई आतूनच म्हणाल्या, "अजून ताप मोजला नाही, तोवर तिरडी बांधू नको."

पण सोमेश्वरनं ऐकलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी केजचा बाजार होता.

२

जाकीरचा केळीचा गाडा बाजाराच्या तोंडाशी असतो. गाड्यावर एक भोंगा आहे. त्यात जाकीर एकदाच आपला आवाज भरतो, आणि भोंगा दिवसभर तेच बोलत राहतो. जाकीर त्या वेळात चहा पितो.

सोमेश्वरनं तो भोंगा हिसकावला आणि भर बाजारात बोलला. चाँद मिस्त्री, तीस वर्षांचा घरोबा, आन् माझ्याच पंपात हात घातला. अमकं आणि तमकं. भोंग्याला खरं-खोटं कळत नाही, लांब-जवळ तेवढं कळतं. आवाज पार तहसिलीपर्यंत गेला.

संध्याकाळी चाँदच्या गॅरेजात एकही गाडी नव्हती. जी खोललेली होती, तिचा मालक ती तशीच दोरीनं ओढून घेऊन गेला.

छबुबाई पोहोचल्या तेव्हा चाँद रिकाम्या खड्ड्याकडं बघत बसला होता.

"बाई, आषाढात पंप खोलला मी. साफ केला, परत बसवला. सामान त्याचंच. पर सांगू कुणाला? भोंग्याफुडं माझा आवाज किती?" त्यानं हात पुसले. हात स्वच्छच होते, म्हणून जास्त वाईट वाटलं. "पुढच्या बाजारापर्यंत खोट सापडली न्हाई, तर शटर वडतो. कायमचं. चोराकडं कोण गाडी घिऊन येतंय?"

"गाडी तपासलीस?"

"तीनदा. इथं आली की येकदम चांगली! पहिलं मी झाकण काढतो, टाकीत काडी बुडवून डिझेल बघतो. वस्तादानं शिकवलेलं हाय, आदी पोट बघायचं, मग बाकीचं. मग तहसिलीपतूर चक्कर मारतो. हरणावानी पळती. मी म्हणतो गाडीत खोट न्हाई, सोमा म्हणतो घाटात हाय. मधल्या मधी मी चोर."

छबुबाईंनी चष्मा काढला, पदराला पुसला, परत लावला. दवाखान्यात त्यांनी असं केलं की डॉक्टरही गप्प बसत.

"म्हणजे रोगी डॉक्टरसमोर आला की बरा होतो," त्या म्हणाल्या. "असे रोगी मी लई बघितलेत. एक तर ते खोटं बोलतात..."

"गाडी कशी खोटं बोलंल?"

"...नाही तर डॉक्टरच तपासता तपासता त्यांना बरं करतो, आणि ते त्याला कळत नाही."

३

पहिला जबाब जीवनचा. सोमेश्वरच्या वस्तीवर, बाजेवर बसून. सोमेश्वर उभा राहिला, कारण त्याला बस म्हणायचं छबुबाई मुद्दाम विसरल्या.

"जीवन, दम कधी लागतो? जेवणाआधी का जेवण झाल्यावर?"

"मला लागत न्हाई, सिस्टर."

"गाडीला रे."

जीवननं डोकं खाजवलं. "आता तुमी म्हनताव म्हनून... जेवल्यावरच. बीडला टाकी फुल केली की घाटात लगीच हातपाय गाळती. अर्ध्या टाकीवर निघालो, तर घाट चढून पार नेकनूर वलांडती, मग रुसती."

"बघा!" सोमेश्वर उसळला. "म्हंजी त्या सुंदररावच्या पंपावरलं डिझेल खराब हाय!"

"काल चाँद चोर होता."

"दोगं बी असतील की."

"आणि रुसल्यावर काय करतोस?" त्यांनी जीवनला विचारलं.

"काय न्हाई. थांबतो. मांजरसुंब्याचं हॉटेल वरच हाय, तिथला चहा पितो. कप रिकामा हुईस्तोवर परत चालू हुती."

"आसं हाय व्हय!" सोमेश्वरचं बोट आता मेहुण्याकडं वळलं. "चहासाठी थांबवतोस कावून बे? का टाकीत नळी घालून डिझेल काडतोस?"

"दाजी, घाटात थांबून डिझेल काडू कुठं, धरणात वतू?"

छबुबाईंनी हात वर केला. "आता नीट आठवून सांग. चाँदनं पंप केला आषाढात. त्यानंतर गाडी लगेच बिघडली?"

"न्हाई की! श्रावणात सोमवारी धर्मापुरीच्या देवळाला गेलतो आमी. गाडीत माणसं, टपावर माणसं, मागं लोंबकळत पाव्हणे. टाकी फुल. कुठं आचका न्हाई."

सोमेश्वर काही बोलणार होता. तोंड उघडलंही. पण श्रावणातल्या त्या सोमवारी टपावर तो स्वतःच बसला होता, हे त्याला वेळेवर आठवलं.

"म्हणजे चाँदनं हात लावल्यावर गाडी ठणठणीत होती," छबुबाई म्हणाल्या. "श्रावणाच्या सोमवारनंतर हिला काहीतरी झालं. काय झालं?"

पडवीत आश्रुबा बैलाच्या एका जुन्या चाळाचे घुंगरू पुसत बसले होते. त्यांनी मान वर केली, गाडीकडं लाडानं बघितलं, आणि पुन्हा खाली घातली.

४

दुसरा जबाब सुंदररावांचा. त्यांचा पंप बीडच्या वेशीवर. छबुबाई एसटीनं गेल्या. पंपावर चालत येणारं गिऱ्हाईक बघून सुंदरराव आधी घाबरले.

"सिस्टर, माझ्या डिझेलवर सगळ्या एसट्या, टेम्पो, ट्रॅक्टर चालतेत. एकट्या सोमेश्वरलाच अपचन कावून हुईल? अन् त्यानं दोनदा दुसरीकडून बी भरलंतं. तेव्हा बी बसलीच की घाटात."

"गाडी इथं येते तेव्हा कशी असते?"

सुंदरराव हसले. "लई हळवी हाय तुमची गाडी. झाकण फिरवलं की सुस्कारा टाकती."

"काय टाकते?"

"सुस्कारा. हूऽऽश्श करून. माजं पोरगं तर त्या गाडीचं झाकण लांबूनच फिरवतंय. म्हनतं, टाकीत कुनीतरी हाय."

छबुबाईंनी ते डोक्यात ठेवलं आणि परत केजला आल्या. पण उत्तर अजून हाताला लागत नव्हतं. चार गोष्टी होत्या आणि चारही चार दिशांना तोंडं करून उभ्या होत्या. भरल्या पोटी दम लवकर जातो. विश्रांती घेतली की परत येतो. चाँदच्या गॅरेजात तो जातच नाही. आणि सुंदररावांकडं गाडी सुस्कारे टाकते. एखाद्या रोग्याची लक्षणं असती तर त्यांनी चुटकीसरशी ओळखली असती.

बाजार उद्यावर आला होता. छबुबाई सकाळीच चाँदच्या घरी गेल्या. त्याची म्हातारी आई, रहेमतबी, चुलीपुढं होती. लेकाच्या नावानं भोंगा वाजल्यापासून ती बाहेर पडली नव्हती.

"बैठो छबुबाई, चाय टाकते," ती म्हणाली. "भजी करते. चाँद खाईना, तुमी तरी खाव."

तिनं तेलाचा नवा डबा पुढं ओढला, खिळ्यानं एका कोपऱ्यात भोक पाडलं आणि डबा कढईवर वाकडा केला. तेल थोडं आलं. गुडगुडलं. थांबलं. डबा काठोकाठ भरलेला, आणि तेल येईना.

"मुआ डबा," रहेमतबी पुटपुटली. तिनं खिळा उचलला आणि समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं.

डब्यानं आत सुस्कारा घेतला. तेल सरळ, सुंदर धारेनं कढईत उतरलं.

छबुबाईंचा चहा बशीतच राहिला.

"रहेमतबी," त्या उठता उठता म्हणाल्या, "भजी झाकून ठेवा. उद्या तुमच्या हातची भजी खाऊनच तुमचा लेक बाजारात जाईल."

५

रहस्य उलगडायचं, तर सगळ्या संशयितांना एका खोलीत बसवावं, अशी रीत आहे. केजमध्ये एवढी शांत खोली नाही. म्हणून छबुबाईंनी सगळ्यांना गाडीत बसवलं.

पुढं जीवन आणि सोमेश्वर. मधे छबुबाई आणि चाँद, दोघांमध्ये एक पिशवी. सोमेश्वर आणि चाँद एकमेकांकडं न बघता एकाच आरशात बघत होते. मागं आश्रुबा, फेटा बांधून. पाखऱ्याला कुठंतरी न्यायचं म्हणल्यावर ते मागं राहणं शक्यच नव्हतं. वाटेत छबुबाईंनी एकच नियम घातला.

"सुंदररावांकडं टाकी फुल करायची. झाकण लागलं, की घाटापर्यंत कोणी त्याला बोट लावायचं नाही. चाँद, तू तर मुळीच नाही."

"काडी बी न्हाई?"

"काडी बी न्हाई."

बीडला टाकी भरली. भरण्याआधी झाकण फिरवलं तेव्हा खरंच हूऽऽश्श झालं, आणि सुंदररावांचा पोरगा दोन पावलं मागं सरला. पाली आली, गेली. धरणाचं पाणी उन्हात चकाकत होतं. घाट लागला. एक बकऱ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. त्याला वाट देऊन गाडी पुढं निघाली, आणि वळणावर तो ओळखीचा आचका आला. मग दुसरा. मागून आलेली एसटी त्यांना ओलांडून, धूर तोंडावर सोडून वर गेली.

"बगितलं?" सोमेश्वर जवळजवळ खूश झाला. "बगितलं ना आता डोळ्यानं? पंप!"

"जीवन, बाजूला घे. इंजिन चालू राहू दे. सगळे खाली उतरा."

रस्त्याच्या कडेला सगळे ओळीनं उभे राहिले. इंजिन धापा टाकत होतं.

"सोम्या," छबुबाई म्हणाल्या, "तू सांगतोस पंप वाईट. पंप वाईट असता, तर धर्मापुरीला तू टपावर बसून गेला नसतास. तू सांगतोस डिझेल वाईट. डिझेल वाईट असतं, तर आता मघाशी ती एसटी आपल्याला धूर पाजून गेली नसती. ती बी सुंदररावांचंच डिझेल पिते. तू सांगतोस जीवन चोर. जीवन आळशी आहे, पण आळशी माणसाला नळी धुवायचा कंटाळा येतो."

"खरंय," जीवन म्हणाला.

"आता टाकीचं ऐक. टाकीतून डिझेल जातं, तेवढी हवा आत यायला पाहिजे. नाही आली, तर टाकी आतून पंपाला धरून ठेवते. रहेमतबीच्या तेलाच्या डब्याला एकच भोक असलं की तेल येत नाही, तसं. आम्ही काचेच्या बाटलीचं सलाईन लावायचो, तिच्यातही एक सुई फक्त हवेसाठी खुपसायचो. ती विसरली की रोगी राहिला बाजूला, सलाईनच बसून राहायचं. टाकी काठोकाठ भरली, की आत हवेला जागाच नाही, म्हणून दम लवकर तुटतो. अर्धी असली की उशिरा. थांबून चहा प्यायला, की तेवढ्या वेळात फटीतून थोडी हवा झिरपते, म्हणून पुन्हा चालते. आणि चाँदच्या गॅरेजात रोग का दिसत नाही?"

चाँद स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "काडी..."

"काडी बुडवायला तू आधी झाकण काढतोस. झाकण काढलं की हवा आत. रोगी बरा. मग तू त्याला फिरवून आणतोस आणि म्हणतोस, ह्याला काही झालेलंच नाही! चाँदभाई, तुझ्या वस्तादानं शिकवलेलं खरं आहे, पण रोग पोटाच्या दारातच होता. फिरव आता झाकण."

चाँदनं झाकणाला हात घातला.

हूऽऽऽश्श!

घाटभर ऐकू जाईल असा सुस्कारा आला. आणि धापा टाकणारं इंजिन एकदम घसा मोकळा करून, खणखणीत गुरगुरायला लागलं.

"योगायोग आसंल," सोमेश्वर म्हणाला. पण आवाजात भोंगा राहिला नव्हता.

छबुबाईंनी झाकण तळहातावर घेतलं. अंबाड्यातली पिन काढली. लाल हिंगुळाच्या थराखाली, चमचमत्या बेगडीखाली त्या खरवडू लागल्या. रंगाची खपली निघाली. बेगडीचा तुकडा निघाला. आणि झाकणाच्या मधोमध, टाचणीच्या डोक्याएवढं, एक भोक उन्हात उघडं पडलं.

"हवेचं भोक," चाँद हळूच म्हणाला.

"त्यावर बेगड. पोळ्याची." छबुबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "आता सांगा, श्रावण सोमवार आणि भाद्रपद, यांच्यामध्ये कोणता सण येतो?"

सगळ्यांच्या माना एका दिशेला वळल्या.

६

आश्रुबांनी फेटा नीट केला.

"शिंगाला बेगड लावायची न्हाई, तर काय शेपटीला लावायची?"

"आबा, ते शिंग न्हाई, डिझेलचं झाकण हाय!" सोमेश्वर ओरडला.

"मला वशिंड वाटलं." आश्रुबा शांतपणे म्हणाले. "मागच्या खांद्यावर, मधोमध फुगलेलं. जनावराची एवढी वर्सं सेवा केली मी, वशिंड उघडं ठिवू व्हय सणाच्या दिशी? दोन हात दिले हिंगळाचे. मनानं दिले."

सोमेश्वरनं कपाळाला हात लावला. चाँद मात्र झाकणाकडं बघत होता, मग आश्रुबांकडं, आणि मग तो हसायला लागला. आठवडाभर कोंडलेलं हसू होतं. ते बाहेर पडताना टाकीसारखाच आवाज झाला.

"आबा, ते वशिंड न्हाई, त्याचं नाक हाय! तुमी पाखऱ्याच्या नाकात बेगड कोंबली! जीव जाणार न्हाई तर काय हुईल?"

आश्रुबा हबकले. गाडीजवळ गेले, झाकणाच्या जागी हात ठेवला. "मुक्या जनावराला बोलता बी येत न्हाई रं," ते पुटपुटले. "रोज सुस्कारं टाकत हुतं आन् आमी मिस्त्रीला शिव्या देतोय."

मग ते चाँदकडं वळले आणि फेट्याला हात लावला. चाँदनं तो हात घाईघाईनं धरला.

"पुढच्या पोळ्याला मला बोलवा, आबा. शिंगं कुठली आन् नाक कुठलं, मी खडूनं आखून देतो. मग काय रंगवायचं ते रंगवा."

"चला," छबुबाई म्हणाल्या. "अजून घाट उरलाय. आता बघू कोणाचं काय अस्सल आहे ते."

चाँद स्टिअरिंगवर बसला. जीवननं जागा सोडताना सुटकेचा निःश्वास टाकला. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. एकही आचका नाही. उसाचं बेणं भरलेला ट्रॅक्टर मागं पडला. मग ती एसटी दिसली, मघाची, धूर पाजून गेलेली. गाडी तिच्या मागं गेली, बाजूला आली, आणि खिडकीतून आश्रुबा कमरेपर्यंत बाहेर आले.

"हर्र्र पाखऱ्याऽऽ! दाव त्याला, दाव!"

पाखऱ्यानं दावलं. एसटीचा कंडक्टर खिडकीतून बघतच राहिला. घाट संपला तेव्हा मांजरसुंब्याच्या हॉटेलवाल्यानं जीवनचा नेहमीचा चहा गाळून ठेवला होता. गाडी थांबली नाही, जीवननं चालत्या गाडीतून हात हलवला, आणि त्याच्या डोळ्यांत थोडं पाणी आलं असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी बाजार भरला. चाँद भजी खाऊन आला. सोमेश्वर उपाशी आला, कारण छबुबाईंनी त्याला वस्तीवरून सरळ जाकीरच्या गाड्यापुढं आणला होता.

"भोंग्यातून बोललास, भोंग्यातूनच परत घे," त्या म्हणाल्या. "नाही तर मी तुझ्या जन्माच्या वेळची गोष्ट सांगेन. पूर्ण."

सोमेश्वरनं भोंगा धरला. घसा खाकरला. बोलला. चाँद मिस्त्रीनं पंप बदलला न्हाई. चूक आमच्या घरची. आमी चाँदभाईला चोर म्हणलो, ते शब्द आमी परत गिळतो. आवाज पार तहसिलीपर्यंत गेला. लोक थांबले, हसले. एकानं टाळी वाजवली, मग बऱ्याच जणांनी. सोमेश्वरनं भोंगा खाली ठेवला आणि घाम पुसला. झालं एकदाचं.

पण जाकीरनं आवाज भरायचं बटण दाबून ठेवलेलं होतं.

"केळीऽऽ गोड केळीऽऽ," भोंगा पुन्हा सुरू झाला, "चाँद मिस्त्रीनं पंप बदलला न्हाई, चूक आमच्या घरची, ते शब्द आमी परत गिळतो, केळीऽऽ गोड केळीऽऽ..."

दिवसभर. जाकीर चहा पीत राहिला. गॅरेजपुढं दुपारपर्यंत गाड्यांची रांग लागली. रहेमतबी कितीतरी दिवसांनी बाहेर येऊन दारात खुर्ची टाकून बसली, आणि संध्याकाळी बाजार उठताना जाकीर भोंगा बंद करायला लागला, तर तिनं लांबूनच हात करून सांगितलं,

"रहने दे रे. केळी अजून उरलीत न्हाई का?"